कणकुंबीकडं दोन रात्री तंबूत, वीज नाही. सीपॅप कशावर चालवायचं?

पायवाट_खानापूर
डिसेंबरात कणकुंबीच्या (खानापूर तालुका) अलीकडं एका ओळखीच्या मळ्यात दोन रात्री तंबू टाकायचं ठरलंय. जागा खासगी आहे, अभयारण्याच्या हद्दीबाहेर. सोबत वडील असतील. त्यांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया आहे, रोज रात्री मास्कमधून दाबानं हवा देणारं सीपॅप मशीन, रेसमेडचं एअरसेन्स १०, लागतं, दाब १० (सेंमी पाणी) च्या आसपास. मळ्यात वीज नाही आणि गाडी थांबते तिथून तंबूपर्यंत दीडेक किलोमीटर पायवाट, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी न्यायचा प्रश्नच नाही. बाजारात एक जण पॉवर बँक घ्या म्हणतो, एक जण छोटा जनरेटर, तिसरा म्हणतो दोन रात्री नाही लावलं तर काय होतंय. नेमकं काय घ्यावं? आकडे सांगा, वजनं सांगा.

शहापूरचा_कुंदा
दोन रात्री नाही लावलं तर घोरणं ऐकून भीमगड अभयारण्याची सगळी जनावरं चोर्ला घाट उतरून गोव्यात जातील. तेवढंच होतंय.

उद्यमबाग_वायरमन
बॅटरी नंतर हुडका. आधी अडॉप्टरवरचा स्टिकर वाचा. एअरसेन्स १० असेल तर आऊटपुट २४ व्होल्ट, ३.७५ अँपिअर लिहिलेलं असणार, म्हणजे ९० वॉट. हे बघून लोक घाबरतात आणि ९० गुणिले ८ तास असा हिशोब घालून पोतंभर बॅटऱ्या आणतात. ९० ही अडॉप्टरची कमाल क्षमता. मशीन रात्रभर तेवढं खात नाही.

खरा खर्च दोन ठिकाणी होतो. हवा ढकलणारी मोटर १० च्या दाबाला साधारण ८ ते १२ वॉट घेते. बाकी सगळं खाणारा म्हणजे ह्युमिडिफायरची (हवेला ओल देणाऱ्या पाण्याच्या टाकीची) तापणारी प्लेट आणि गरम होणारी नळी. ती दोन्ही चालू असली की थंडीत सरासरी ४० वॉट सहज, कधी त्याच्याही वर. म्हणजे तीच बॅटरी चार रात्री पुरायची ती एका रात्रीत संपते.

तेव्हा मेनूत जाऊन ह्युमिडिटी ऑफ, ट्यूब टेंपरेचर ऑफ, आणि एअरप्लेन मोड ऑन. दाबाला मात्र हात लावायचा नाही. वीज वाचवायला दाब कमी केला तर मशीन नेण्यात अर्थच राहिला नाही.

हिंडवाडी_नाक_घसा
वरच्या शेवटच्या ओळीला दुजोरा. ह्युमिडिफायर ही सोय आहे, दाब हा उपचार आहे. सोय दोन रात्री सोडता येते.

फक्त नाक कोरडं पडतं. त्याला दोन उपाय. झोपायच्या आधी सलाइनचा नाकात मारायचा स्प्रे, औषधाच्या दुकानात साधा मिळतो. किंवा टाकीत पाणी भरून ठेवायचं पण प्लेट बंद. हवा पाण्यावरून जाते, थोडी ओल घेते, वीज शून्य. तंबूत जमीन सपाट नसेल तर दुसरा उपाय करू नका. मशीन कलंडलं की पाणी मोटरीत जातं.

आणि "काय होतंय" म्हणणाऱ्याला सांगा, झोपेच्या गोळ्या किंवा दारू घेऊन मशीनशिवाय झोपणं ही सगळ्यात वाईट जोडी. घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. शिबिरात नेमकं हेच होतं. एखादी रात्र मशीनविना काढावी लागली तर कुशीवर, पाठीवर नाही. तुमच्या वडिलांना चालेल का, हे त्यांच्या डॉक्टरांना निघायच्या आधी विचारून ठेवा. हृदयाचा त्रास असेल तर उत्तर बदलतं.

निपाणीचा_बापू
माझ्याकडं फवारणी पंपाची बॅटरी आहे, १२ व्होल्ट ८ एएच. तंबाखू-उसावर दिवसभर चालतीय. ती नाही का चालणार?

उद्यमबाग_वायरमन
@बापू, १२ व्होल्ट गुणिले ८ एएच (अँपिअर-अवर) म्हणजे ९६ वॉट-अवर कागदावर. ती लेड-अ‍ॅसिड आहे, अर्ध्याखाली वारंवार उतरवली की आयुष्य संपतं. म्हणून हाताशी ४८. मशीनला रात्रीला ऐंशी-नव्वद लागतात. मध्यरात्री दोनला काका उठून बसतील. आणि हंगामभर वापरलेली असेल तर बाराच्या आधीच. काही पंपांत १२ एएचची असते, ती पहाटेपर्यंत ओढेल, पण भरवसा नाही.

सदाशिवनगर_इलेक्ट्रॉनिक्स
पॉवर बँकेबद्दल, कारण दुकानात हीच गळ्यात मारतात. वीस हजार एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं. म्हणजे ७४ वॉट-अवर, आणि व्होल्टेज वाढवताना त्यातलंही थोडं जातं. शिवाय बहुतेक पॉवर बँकांची टाइप-सी पीडी (पॉवर डिलिव्हरी) जास्तीत जास्त २० व्होल्ट देते असं धरा. एअरसेन्सला २४ पाहिजे. मध्ये बूस्टर लावा, मग त्याचा तोटा. प्रवासी छोटं मशीन असेल, म्हणजे २० वॉटच्या अडॉप्टरचं एअरमिनी वगैरे, तर हा रस्ता विचारात घ्या. एअरसेन्स १० ला नको.

टिळकवाडी_ट्रेकर
एवढी डोकेफोड कशाला? लिथियमची बॅटरी, तिला छोटा इन्व्हर्टर, त्यात घरचाच अडॉप्टर. झालं काम.

उद्यमबाग_वायरमन
होतंय की ओ, पण हिशोब बघा. बॅटरीचं १२ व्होल्ट डीसी, इन्व्हर्टरनं २३० एसी केलं, अडॉप्टरनं परत २४ डीसी केलं. दोन्हीकडं तोटा. त्यातून इन्व्हर्टर नुसता चालू ठेवायलाच ५ ते १० वॉट घेतो, मोठा असेल तर जास्त. मशीन १० वॉट खातंय आणि त्याला वाढायला उभा राहिलेला वाढपीच १० वॉट खातोय. बॅटरी निम्मी रात्र आधी संपते.

त्यापेक्षा कंपनीचा डीसी-डीसी कन्व्हर्टर घ्या. १२ किंवा २४ व्होल्ट आत, २४ व्होल्ट बाहेर. तोटा १०-१५ टक्के. एअरसेन्स १० ची पिन साधी नाही, मध्ये बारीक तिसरी पिन असते, ती मशीनला अडॉप्टर ओळखायला. त्यामुळं बाजारातला कुठलाही २४ व्होल्टचा बूस्टर तोडून-जोडून लावायच्या भानगडीत पडू नका.

इन्व्हर्टर लावायचाच असेल तर प्युअर साइन वेव्ह. स्क्वेअर वेव्हवर अडॉप्टर गरम होतो, गुणगुणतो, आणि कधीतरी जातो.

टिळकवाडी_ट्रेकर
मान्य, पण फिलिप्सच्या ड्रीमस्टेशन मशीनवाल्यांना हा कन्व्हर्टर लागत नाही ना? त्याचा अडॉप्टर १२ व्होल्टचा आहे.

सदाशिवनगर_इलेक्ट्रॉनिक्स
बरोबर, १२ व्होल्ट ६.६७ अँपिअर. त्याला १२ व्होल्टची डीसी केबल पुरते. पण जुनं ड्रीमस्टेशन कुणाकडून सेकंडहँड घेत असाल तर थांबा. जून २०२१ मध्ये फिलिप्सनं ती मशीनं आतल्या फोममुळं परत बोलावली होती. कॅम्पला स्वस्तातलं जादा मशीन म्हणून हीच जास्त विकायला येतात. सिरीयल नंबर तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

पायवाट_खानापूर
कन्व्हर्टरचं कळलं. मग बॅटरी किती एएचची?

उद्यमबाग_वायरमन
मशीन १० वॉट, झोप ८ तास: ८० वॉट-अवर. कन्व्हर्टरचा तोटा धरून ९५. दोन रात्री १९०.

लिथियम फेरो फॉस्फेट, चार सेलची, १२.८ व्होल्ट २० एएच: २५६ वॉट-अवर. तिच्यातलं ९० टक्के वापरता येतं, म्हणजे २३०. दोन रात्री निघतात, ४० शिल्लक. वजन अडीच-तीन किलो. हेच लेड-अ‍ॅसिडमध्ये करायचं तर निम्मंच वापरायचं म्हणून ३२-३५ एएच पाहिजे, म्हणजे दहा किलोच्या वर. दीड किलोमीटर पायवाटेवर फरक कळतो.

वडगाव_ईव्ही_मिस्त्री
२० कागदावर पुरतंय. मी ३० घ्या म्हणेन, आणि कारण सांगतो. गल्लीबोळात जोडून मिळणाऱ्या पॅकमध्ये जुन्या गाड्यांतून काढलेले सेल असतात. वर २० एएचचा स्टिकर, आत १३-१४. बाहेरून ओळखता येत नाही.

तपासायची सोपी पद्धत आहे. मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब होल्डरसकट घ्या. बॅटरी पूर्ण चार्ज करा, बल्ब लावा, वेळ लिहून ठेवा. हा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो. २० एएच खरी असेल तर ११ तासांच्या आसपास जळला पाहिजे. सातला विझला तर बॅटरी दुकानदाराच्या टेबलावर परत ठेवा. बल्ब लई तापतो. फरशीच्या तुकड्यावर ठेवा, सतरंजीवर नको, आणि घरात कुणी नसताना नको.

आणखी एक. या बॅटरीचं व्होल्टेज बघून किती उरलं ते कळत नाही. १३.२-१३.३ वर तासन्‌तास बसून राहते आणि शेवटी एकदम घसरते. बॅटरीतलं संरक्षणाचं सर्किट, म्हणजे बीएमएस, मग वीज खाडकन तोडतं. पावरचा हिशोब दाखवणारा छोटा डीसी वॉट-मीटर मध्ये लावा; सकाळी किती वॉट-अवर गेले ते सरळ वाचायचं. पहिल्या रात्री १२० दाखवले तर दुसऱ्या रात्रीचा निर्णय उजेडात घेता येतो.

शहापूरचा_कुंदा
आणि खाडकन तोडलं तर मास्क तोंडावर, हवा बंद. मग?

हिंडवाडी_नाक_घसा
विचारलंत ते बरं झालं. तोंड-नाक दोन्ही झाकणाऱ्या मास्कला कोपऱ्यापाशी एक झडप असते. मशीनची हवा थांबली की ती आपोआप उघडते आणि बाहेरची हवा येते. फक्त नाकाचा मास्क असेल तर माणूस तोंडानं श्वास घेतो. गुदमरत नाही, पण उपचार थांबतो आणि बहुतेक जण जागे होतात. ती झडप मळानं चिकटलेली नाही ना, हे निघायच्या आधी धुवून बघा. मशीन बंद ठेवून मास्क लावायचा आणि श्वास घ्यायचा. सहज घेता आला पाहिजे.

ऑक्सिजन जोडून बायपॅप (श्वास घेताना-सोडताना वेगवेगळा दाब देणारं मशीन) लावणाऱ्यांनी हा धागा वाचून रानात जाऊ नये. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर एकटा ३०० वॉटच्या वर खातो. ते गणितच वेगळं.

निपाणीचा_बापू
यल्लम्माच्या जत्रेला आम्ही ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन सौंदत्तीला डोंगरावर मुक्काम करतो. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालतंय का हे? थोरल्या चुलत्याला मशीन आहे, त्यामुळं तो यायलाच नको म्हणतोय.

उद्यमबाग_वायरमन
आरामात. ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्ट ७५ एएच किंवा जास्त असते, म्हणजे ९०० वॉट-अवर. रात्रीला दहा टक्के जातात. सकाळी ट्रॅक्टर चालू झाला की भरून निघतात. ह्युमिडिफायर इथंही बंदच ठेवा; चालू ठेवलात तर तिसऱ्या सकाळी ट्रॅक्टर ढकलायला अख्खी दिंडी लागेल.

कन्व्हर्टर सरळ बॅटरीच्या टर्मिनलला क्लिपनं जोडा, प्लसच्या वायरीत बॅटरीपासून वीतभर अंतरावर १० अँपिअरचा फ्यूज. फ्यूज मशीनजवळ लावला तर मधली वायर ट्रॉलीच्या पत्र्यात दबून सोलली की त्याचा काही उपयोग नाही. आणि ट्रॅक्टर स्टार्ट करायच्या आधी मशीन काढायचं. स्टार्टर फिरतो तेव्हा व्होल्टेज आठ-नऊवर बसतं, लगेच उसळतं.

ट्रकवाल्यांसाठी: तिथं २४ व्होल्ट असतं म्हणून मशीन थेट लावू नका. इंजिन चालू असताना ते २८ असतं. कन्व्हर्टर मधी पाहिजेच.

निपाणीचा_बापू
वायर किती एमएमची? ट्रॉलीपर्यंत चार मीटर लागतील.

उद्यमबाग_वायरमन
ह्युमिडिफायर बंद असेल तर एक-दीड अँपिअरच वाहतं, १.५ स्क्वेअर एमएम तांब्याची भरपूर. चालू ठेवणार असाल तर आठ-नऊ अँपिअरपर्यंत उडी जाते, मग २.५ आणि फ्यूज १५ चा. लांब वायर १२ व्होल्टच्या बाजूलाच घ्या. २४ ची कंपनीची केबल कापून वाढवू नका.

टिळकवाडी_ट्रेकर
मग धाग्याच्या मालकांनीही गाडीच्या सिगारेट सॉकेटवरच का नाही? गाडीतच झोपायचं. बॅटरीचा खर्च वाचला.

वडगाव_ईव्ही_मिस्त्री
छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ एएच, ती स्टार्टरला एकदम जोर द्यायला बनवलेली, हळूहळू रिकामी व्हायला नाही. मशीन रात्रीत सात-आठ एएच घेतं. नवी बॅटरी असेल तर सकाळी गाडी सुरू होईल, तीन वर्षांची असेल तर कणकुंबीत जंपर केबलवाला हुडका. बऱ्याच गाड्यांत किल्ली काढली की सॉकेटही मरतं. आणि सिगारेट सॉकेटची पिन स्प्रिंगवर टेकलेली असते. कूस बदलताना वायर ओढली गेली की सैल होते, सैल झाली की तापते, प्लास्टिक वितळलेल्या पिना दुकानात येतात. स्वतःचा पॅक बनवताना अँडरसन किंवा एक्सटी-६० कनेक्टर घ्या.

एक गोष्ट अजिबात नको: बॅटरी उतरेल म्हणून इंजिन चालू ठेवून गाडीत झोपणं. कार्बन मोनॉक्साइड. तंबूशेजारी जनरेटरचंही तेच. मशीनचा फिल्टर धूळ अडवतो, हा वायू अडवत नाही. उलट मशीन तो दाबानं आत ढकलणार.

जांबोटी_मधमाशी
शेकोटीचाही विचार करा. मशीन तंबूच्या दारापाशी ठेवतात कारण वायर तिथून येते, आणि शेकोटीही दारासमोरच. रात्रभर धूर ओढतंय बिचारं. वाऱ्याची दिशा बघून मशीन मागच्या बाजूला.

आमच्याकडच्या आणखी दोन कटकटी. मुंग्या आणि तांबडी धूळ. मशीन जमिनीवर ठेवू नका, फळांचा रिकामा क्रेट उपडा घाला आणि त्यावर ठेवा, पण डोक्यापेक्षा खाली. मागच्या फिल्टरच्या तोंडाला काही टेकू देऊ नका, चादर तर नाहीच. जादा फिल्टर एक खिशात. दुसऱ्या दिवशी पांढऱ्याचा तांबडा झालेला असतो.

पायवाट_खानापूर
डोक्यापेक्षा खाली का?

जांबोटी_मधमाशी
डिसेंबरात तिकडं पहाटे चांगलाच गारठा असतो. टाकीत पाणी असेल तर ओली हवा गार नळीत जाते आणि आत थेंब धरतात. मशीन वर असेल तर ते ओघळून मास्कमध्ये येतात. खाली असेल तर टाकीकडं परततात. नळीला जुन्या स्वेटरची बाही चढवा, तेवढंच पुरे. पाणीच नसेल तर हा प्रश्नच नाही.

पाणी वापरणार असाल तर एक सूचना: "बॅटरीचं पाणी" म्हणून मागायला जाऊ नका. डिस्टिल्ड वॉटर असं स्पष्ट नाव घेऊन, सीलबंद बाटली. काही दुकानांत त्याच फळीवर अ‍ॅसिड असतं.

सदाशिवनगर_इलेक्ट्रॉनिक्स
सोलरबद्दल कुणी बोललंच नाही. घडीचं १०० वॉटचं पॅनेल नेलं तर बॅटरी निम्म्या आकाराची चालेल. डिसेंबरात बेळगाव भागात आभाळ स्वच्छ असतं, दिवसाला ३०० वॉट-अवर सहज.

जांबोटी_मधमाशी
माळावर होय. राजहंसगडावर ठेवलंत तर ३०० देईल. कणकुंबीच्या झाडीत फांदीची एक पट्टी पॅनेलवर पडली तरी आऊटपुट निम्म्याच्या खाली येतं, आणि दर तासाला उठून पॅनेल हलवत बसायला तिथं कोण जाणार? पावसाळ्यात तर नावच घेऊ नका, १०० वॉटचं पॅनेल दिवसभरात रात्रीपुरतंही देईल याची खात्री नाही.

सदाशिवनगर_इलेक्ट्रॉनिक्स
दोन रात्रींना नको, मान्य. चार-पाच रात्रींचा मुक्काम असेल तर मात्र पॅनेलच स्वस्त आणि हलकं पडतं. तेव्हा चार्ज कंट्रोलर लिथियमच्या सेटिंगवर, १४.४ ते १४.६ व्होल्ट. उन्हात मोकळं पॅनेल २१-२२ व्होल्ट दाखवतं, ते थेट बॅटरीला लावायचं नाही. घरी चार्ज करतानाही इन्व्हर्टरच्या लेड-अ‍ॅसिड चार्जरवर ही बॅटरी टाकू नका.

मच्छे_नाईटशिफ्ट
तयार पॉवर स्टेशन घेणाऱ्यांसाठी, ३०० वॉट-अवरवालं वगैरे. चांगली असतात, पण त्यांत वीज वाचवायचा ऑटो-ऑफ असतो. लोड दहाएक वॉटच्या खाली गेला की त्याला वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि थोड्या वेळानं बंद. ह्युमिडिफायर काढलेलं मशीन नेमकं तिथंच येतं. तो इको मोड बंद करता येतो का ते घेण्याआधी बघा. एसीच्या सॉकेटऐवजी त्याच्या १२ व्होल्ट डीसीतूनच कन्व्हर्टर लावा.

निपाणीचा_बापू
मळ्यात हेस्कॉमची (वीज कंपनीची) सिंगल फेज असती पण व्होल्टेज दीडशे, तर?

मच्छे_नाईटशिफ्ट
अडॉप्टरवर १००-२४० लिहिलेलं असतं, दीडशेवर बिनधास्त चालतं. भीती कमी व्होल्टेजची नाही, न्यूट्रल तुटला तर येणाऱ्या चारशेची आहे. पंपाच्या पेटीतून वायर ओढून मशीन लावू नका.

पायवाट_खानापूर
सगळं जमवून असं ठरवतोय: १२.८ व्होल्ट ३० एएच, बल्बची परीक्षा घेऊन. कंपनीचा कन्व्हर्टर, १० चा फ्यूज, वॉट-मीटर, एक्सटी-६०. ह्युमिडिफायर बंद, टाकी घरीच. वडिलांच्या डॉक्टरांना फोन. काही राहिलं?

उद्यमबाग_वायरमन
टाकी काढली की तिच्या जागी बाजूचं झाकण लावावं लागतं, नाहीतर हवेचा मार्गच जुळत नाही. ते झाकण काहींचं खोक्यातच पडून असतं. सापडत नसेल तर रिकामी टाकीच बसवा, प्लेट बंद करून.

आणि जायच्या आधी दोन रात्री घरातच, बेडरूममध्ये, भिंतीतली पिन काढून याच सेटवर झोपवा. परत चार्ज न करता. मीटरवरचा आकडा तुमचा खरा आकडा. माझे १० वॉट अंदाजाचे. मास्क गळत असेल तर मोटर जास्त पळते, आकडा वाढतो, तेव्हा मास्कची उशी-पट्ट्या नीट बसतात का, तेही तिथंच कळतं.

पायवाट_खानापूर
झाकण! खोकं माळ्यावर आहे, उद्याच काढतो. ३० एएचमध्ये दीडशेच्या वर उरतील असं दिसतंय. त्यावर मोबाईल चार्ज केले तर?

वडगाव_ईव्ही_मिस्त्री
एका मोबाईलला १५-२० वॉट-अवर धरा. दुसऱ्या दिवशी सकाळी मीटर बघून मग दोन-तीन करा, पहिल्या रात्रीच्या आधी एकही नाही. तंबूत आठ जण असतील तर बॅटरी वडिलांच्या उशाशी ठेवा आणि दुसरं सॉकेट लावूच नका.

शहापूरचा_कुंदा
आणि ब्लूटूथ स्पीकर?

वडगाव_ईव्ही_मिस्त्री
त्याला बापूंची फवारणी पंपाची बॅटरी.